डाव्या बाजूची घंटी

आरसा घासला. आवाज काही फार मोठा नव्हता, पत्र्यावर नख ओढावं एवढाच. पण धम्मानंद खिल्लाऱ्यांच्या काळजात तो असा शिरला की पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि घरगाडी स्वतःच्याच फाटकात, अर्धी आत आणि अर्धी गल्लीत, उभी राहिली. डाव्या खांबाला डावा आरसा. खांब काही काल उगवला नव्हता. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच गवंड्याच्या उरावर उभं राहून तो बांधून घेतला होता, आणि आज सकाळपासून दहा वेळा त्याच्याकडं बघून झालं होतं. आणि घासला कुणी, तर बत्तीस वर्षं एसटीचं स्टेरिंग धरलेल्या माणसानं, ज्यानं पोळ्याच्या दिवशी पाथरीच्या गर्दीतून, एका बैलाच्या शिंगाला धक्का न लावता लाल गाडी काढली होती, ज्याच्या छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला सगळ्या डेपोसमोर लावला गेला होता. परभणीतल्या त्या गल्लीतली निम्मी माणसं निरोप द्यायला जमलेली. समोरचे माणिकराव, रिटायर तलाठी, चहाची बशी हातात घेऊनच आले होते. "काय खिल्लारे, मुहूर्त घरच्याच खांबावर का?" ते म्हणाले आणि सगळे हसले. धम्मानंदही हसले. "आरसा लय भाईर आला होता, जरा आत घेतला," ते म्हणाले. स्टेरिंगवरचे तळवे ओले झालेत हे कुणाला दिसण्याचं कारण नव्हतं.

मागं, गाडीतल्याच ओट्यापाशी, त्यांची बायको सुकेशनी डबे बसवत होती. तिनं काय झालं म्हणून विचारलं नाही. हातातला डबा तसाच ठेवून ती आली आणि डाव्या खिडकीशी, कंडक्टरच्या जागेवर बसली. बसली ती येलदरीचं धरण येईपर्यंत तिथून हलली नाही. तिनं छताखालून गेलेली घंटीची दोरी ओढली. टिंग टिंग. आणि धम्मानंदांचा पाय, मनाला न विचारता, किलचच्या पेडलवरून उठला. या पायाला बत्तीस वर्षांची सवय होती: एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. मागं काय चाललंय, म्हातारी चढली का, पोरगं दारात लोंबकळतंय का, हे बघण्याचं काम ड्रायव्हरचं नाही. खरा ड्रायव्हर मागं बघत नाही, त्याला घंटीवर इमान ठेवावं लागतं. हे त्यांना पंडितनं शिकवलं होतं. पंडित म्हणजे चौदा वर्षं त्यांच्या जोडीला असलेला कंडक्टर. दोघांनी मिळून किती पिढ्या शाळेला, बाजाराला आणि सासरी पोचवल्या त्याचा हिशोब नाही. ते रिटायर झाले त्या दिवशी पंडितनं भंगारात निघालेल्या गाडीची घंटी आणि तिची दोरी पिशवीत घालून आणून दिली होती. "हार काय, उद्या वाळून जाईल. हे ठेवा," म्हणाला. पुढच्याच वर्षी पंडित गेला. घंटी राहिली.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. चौदा महिने ती अंगणात उभी होती आणि धम्मानंद तिच्या पोटात. बाकं काढली, पलंग बसवला, ओटा केला, पाण्याची टाकी, टपावर उन्हावर चालणारी बत्तीची पाटी. पिवळा रंग खरवडून निळा दिला, दोन हात, स्वतःच्या हातानं. पुढच्या काचेशी बुद्धाची पितळी मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो. छताच्या एका कोपऱ्यात कुण्या पोरानं पेनानं लिहून ठेवलं होतं, 'गणिताच्या बाई लई मारतात', ते मात्र सुकेशनीनं पुसू दिलं नाही. आणि पुढं, एसटीला असते तशी, गावाच्या नावाची पाटी. पाट्या दोन रंगवून घेतल्या होत्या. एक, 'परभणी – येलदरी'. दुसरी पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवलेली, तिच्यावर 'परभणी – समुद्र'. आधी चार दिवस येलदरीच्या पाण्याच्या कडेनं, खडकाखडकानं गाडी चालवून बघायची, चढ-उतार, पाणी, मुक्काम, सगळं तपासायचं. आणि मग कोकण. असं सगळ्यांना सांगून झालं होतं. पण खरं तपासायचं होतं ते गाडीतलं काहीच नव्हतं, आणि ते एकट्या धम्मानंदांना माहीत होतं, निदान त्यांची तशी समजूत होती.

आठ महिन्यांपूर्वी डोळ्याच्या डॉक्टरनं एका डब्यात हनुवटी टेकवायला लावून अर्धा तास दिवे दाखवले होते. दिवा दिसला की बटण दाबायचं. धम्मानंदांनी इमानदारीनं बटण दाबलं. मग डॉक्टरनं कागद काढला, त्यावर मधे पांढरं आणि कडेनं काळं, आणि डावीकडं तर काळंच काळं. काचबिंदू. समोरचं शाबूत आहे, कडा गेल्यात, गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं. "आणि गाडी चालवू नका," तो म्हणाला, जसं कुणी सांगावं की चहात साखर घालू नका. धम्मानंद जिना उतरून खाली आले आणि स्कूटर चालवत घरी गेले. कागद घडी करून हत्यारांच्या पानापेटीत, सगळ्यात खालच्या कप्प्यात, स्पार्क प्लगच्या डब्याखाली. थेंबांची बाटली तिथंच. समोरचं शाबूत आहे असं तो म्हणालाच की. रस्ता समोरच असतो. असं ते रोज स्वतःला सांगत, आणि रोज रात्री थेंब टाकताना, डोळे मिटल्यावर, सांगितलेलं सगळं खोटं पडे. आता येलदरीच्या चार दिवसांत काय तो निकाल लागणार होता. निभावलं तर समुद्र. नाही निभावलं तर दोष इंजिनावर ढकलायचा, घरी यायचं, आणि गाडी अंगणात झाकून ठेवायची. म्हणजे स्वतःला झाकून ठेवायचं, दुसरं काय.

परभणी मागं पडली. दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्याला आलेली, माघाचं ऊन अजून कोवळं. रस्ता हातात येऊ लागला तसे ते सैल झाले. गेर पडताना होणारा तो ओळखीचा हिसका, चढाला इंजिनाचा बदलणारा आवाज, बुडाखालून सगळ्या अंगात येणारी ती थरथर. या थरथरीत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि तिच्याविना गेली पाच वर्षं त्यांना घरातली खुर्ची मेल्यासारखी वाटायची. टिंग. एक घंटी. त्यांनी ब्रेक दाबला. काही नव्हतं. मग डावीकडून, जणू जमिनीतून उगवल्यासारखी, शेळ्यांची रांग रस्त्यावर आली. "शेळ्या आल्या," मागून सुकेशनी एवढंच म्हणाली. टिंग टिंग. बोरीच्या अलीकडं पुन्हा एक. पायवाटेवरून एक फटफटी सुसाट येऊन समोरून गेली. जिंतूरच्या बाजारात तर तिनं चार वेळा वाजवली. "उगं कशाला वाजवायलीस गं सारखी? दिसायलंय मला," ते करवादले. "पंडितभाऊंची घंटी हाय, गंजून जाईल," ती म्हणाली. बायकोला नवं खेळणं मिळालंय असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. मधूनमधून रस्त्याकडची माणसं हात करत, एसटीच समजून. आणि जवळ आल्यावर आत पलंग बघून बावचळत. एका फाट्यावर एक म्हातारी, पिशवी घेऊन, चढलीच. "बाळा, ही दवाखान्याची गाडी का मतदानाची?" तिनं विचारलं. "घर हाय, आजी," सुकेशनी म्हणाली. म्हातारीनं सगळं नीट बघितलं, ओटा, टाकी, पडदे. "नामी हाय," म्हणाली आणि पुढच्या वाडीला उतरली.

घर हाय. हे दोन शब्द धम्मानंदांच्या कानात बराच वेळ राहिले. गाडीत घर करण्याची हिकमत त्यांना म्हातारपणी सुचली असं लोकांना वाटे. तसं नव्हतं. मुक्कामी गाडीच्या दिवसांत, नोकरीला दोनच वर्षं झालेली, एका गावात गाडी संध्याकाळी पोचली. ड्रायव्हर-कंडक्टरला निजायला गावात कुणाची तरी ओसरी मिळायची, रिवाजच तसा. पाटलानं दोघांना पाणी विचारलं, मग गाव विचारलं, मग आडनाव. मग कंडक्टरला म्हणाला, तुम्ही इथं पडा, ड्रायव्हर साहेबांना गाडीतच हवेशीर पडंल. पंडितनं वळकटी उचलली. "मलाबी हवेशीरच लागतं," म्हणाला, आणि दोघं गाडीत पाठीमागच्या लांब बाकावर, डोक्याला डोकं लावून पडले. त्याच गाडीत, छताकडं बघत, अठ्ठावीस वर्षांच्या धम्मानंदांनी ठरवलं होतं की एक दिवस असं घर करायचं की कुणाच्या ओसरीचं तोंड बघायची गरज नाही. आणि केलं! ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, पण ओट्याची फरशी घासताना, पडद्याची कडी बसवताना, तीच आठवण हाताला जोर देत होती. मान ताठ ठेवण्याची सवय त्यांना वडिलांकडून आली होती. पहिल्या ड्युटीच्या दिवशी लाल गाडी त्यांच्याच गावच्या स्टँडवर थांबली, तेव्हा एक बडा शेतकरी दारात पाय ठेवता ठेवता थबकला. "सितारामाचं पोरगं हाकणार का गाडी? हे ह्यांचं काम न्हाई," म्हणाला आणि उतरला. त्याच गर्दीत त्यांचा बाप उभा होता, सिताराम, धुतलेलं धोतर नेसून. त्याला कुठंच जायचं नव्हतं. तो चढला, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसला, शेवटच्या गावापर्यंतचं तिकीट काढलं आणि सगळ्या रस्त्यानं एक शब्द बोलला नाही. उतरताना मात्र त्यानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन अजून त्या खांद्यावर होतं.

येलदरीला पोचले तेव्हा दुपार कलली होती. धरणाची भिंत सोडून ते मासेवाल्यांच्या कच्च्या वाटेनं पाण्याकडेला आले. दिवाळीपासून पाणी उतरलेलं. काळ्या खडकांवर जिथवर ते होतं तिथवर पांढरी रेघ राहिलेली, आणि वारा सुटला की पूर्णेचं अडवलेलं पाणी त्या खडकांवर चपाचप आपटत होतं. वाट खडकाच्या अंगावरूनच वर-खाली जाणारी, एका बाजूला टेकाड, एका बाजूला पाणी. धम्मानंदांनी पहिल्या गेरमधे, एकेक खडक जोखत, गाडी एका सपाट कातळावर आणून उभी केली. वाटेत तिनं सहा घंट्या दिल्या. उतरून तिनं डाव्या मागच्या चाकाखाली धोंडा लावला, पंडित लावायचा तसा, आणि चपला काढून खडकाच्या टोकाला जाऊन बसली. "समुद्र असाच असंल का वो?" तिनं विचारलं. धम्मानंदांनी समुद्र एकदाच बघितला होता, अठ्ठ्याण्णव साली, लग्नाचं वऱ्हाड घेऊन कोकणात गेले तेव्हा. वऱ्हाडी जेवत होते तेवढ्यात पंधरा मिनिटं खडकावर उभे राहिले होते, खाकी कपड्यांत. घरी येऊन त्यांनी तिला सांगितलं होतं, दगड आपल्यासारखेच काळे, पण पाणी लय मस्तीचं, थांबतच न्हाई. तुला नेईन. तिनं तेव्हाही फार काही म्हटलं नव्हतं. लसीकरणाची पेटी भरत होती. "असाच," ते म्हणाले. "फक्त पलीकडला काठ दिसत न्हाई." जाळं आवरणारा भुजंग नावाचा मासेवाला जवळ आला, गाडीभोवती फेरी मारली, आणि सगळं ऐकून म्हणाला, "आमच्या येलदरीत खडकं काय कमी पडली का सायेब, तितक्या दूर जायलाव?" आणि दोन मरळ मासे ओट्यावर ठेवून गेला. रात्री धम्मानंद समाधानानं झोपले. गाडी निभावली होती. डोळे निभावले होते. सकाळचा आरसा त्यांनी गवंड्याच्या माथी मारून टाकला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर गाडी तिथून पुढं न्यायची ठरली. सुकेशनीनं पहाटेच कपडे धुतले होते. बाहेर वाळत घातले तर वाऱ्यानं पूर्णेत जातील, म्हणून तिनं ते गाडीतच, घंटीच्या दोरीवर टाकले. टॉवेल, त्यांची पँट, पलंगपोस. बत्तीस वर्षांत कुणी घंटीच्या दोरीवर पँट वाळत घातली नसेल, पण एसटीत कुणी संसारही केला नव्हता. धम्मानंदांनी इंजिन सुरू केलं, गेर टाकला, किलच दाबून घंटीची वाट बघत बसले. ती चाकाखालचा धोंडा काढायला उतरली आहे हे त्यांना माहीत होतं. धोंडा काढून ती चढेल, बसेल, वाजवेल. पाणी चमकत होतं. आणि ओली पँट दोरीवरून घसरली. टिंग. तिच्यामागं टॉवेल. टिंग.

पाय उठला. मन म्हणत होतं अजून दार लागलेलं नाही, पण पायाला मनाशी काही देणंघेणं नव्हतं. गाडी पुढं गेली, कातळाच्या उताराला लागली, आणि डाव्या पत्र्यावर थापा बसू लागल्या, धाड धाड धाड, "थांबा! अवो थांबा!" त्यांनी ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. मग फक्त पाण्याचा आवाज. त्यांनी डावीकडं बघितलं. कुणी नव्हतं. खिडकी, आभाळ, पाणी.  मग त्यांनी सगळी मान वळवली, खांदेही वळवले, आणि ती तिथंच होती. दाराच्या पुढं, खिडकीखाली, एक हात पत्र्यावर, दुसऱ्या हातात धोंडा. पुढचं डावं चाक कातळाच्या काठापासून हातभर. खाली दीड पुरुष खोल पाणी.

ती वर चढली. तिचा श्वास लागला होता. तिनं खाली पडलेली पँट बघितली, टॉवेल बघितला, दोरीकडं बघितलं, आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. हसता हसता डोळे भरून आले, ते तिनं त्याच पदरानं पुसले. धम्मानंदांना हसू येईना. हात स्टेरिंगवरून सुटेना.

"ऊन डोळ्यावर आलं," ते म्हणाले.

"ऊन पाठीमागं हाय," सुकेशनी म्हणाली.

 आणि धम्मानंदांच्या मनात कालच्या घंट्या एकामागून एक वाजू लागल्या. शेळ्या, डावीकडून. फटफटी, डावीकडून. जिंतूरला हातगाडी, रिक्षा, सायकल, शाळेची पोरं, डावीकडून, डावीकडून. पाण्याकाठच्या वाटेवर सहा. उजवीकडून एक बैलगाडी आडवी आली होती, तेव्हा घंटी वाजली नव्हती. उजव्या बाजूची एकही नव्हती. सगळ्या रस्त्यानं एकही नव्हती! तिनं खेळणं केलं नव्हतं. त्यांचा गेलेला अर्धा डोळा होऊन ती सत्तर किलोमीटर खिडकीशी बसली होती, आणि ते तिच्यावर करवादत होते.

"कवापासून मालूम हाय तुला?"

"उन्हाळ्यापासून. तीनदा तांब्या पाडलाव तुमी, तिन्ही खेपेला डाव्या अंगाचा. मग पानापेटीत बाटली घावली. छत्तीस वर्षं सिस्टर होते मी, शीलाचे पप्पा. बाटलीवरचं नाव वाचता येतं मला."

"मग बोललीस का न्हाई?"

"तुमी सांगताल म्हणून थांबले. तुमी काय सांगंनाव. मग म्हणलं, ह्यांची वाट बघत बसण्यापरीस आपलं काम आपण करावं." ती उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ड्रायव्हिंग लायसन. सुकेशनी धम्मानंद खिल्लारे. फोटोत ती घाबरल्यासारखी दिसत होती. तारीख चार महिन्यांपूर्वीची.

"बुधवारी आन् शनिवारी विहारात वाचनाला जात होतीस," ते सावकाश म्हणाले.

"एक तास वाचन, एक तास किलच. एकदा नापासबी झाले, आठ काढताना. लायसनचा फोटो पहिला शीलाला पाठवला."

त्यांना राग आला.  खोटं बोलली म्हणून नव्हे, खोटं तर तेही बोलत होते. राग याचा, की धम्मानंद खिल्लाऱ्याच्या बायकोला किलच दुसऱ्या कुणी शिकवला; कुणी कालचं पोरगं, ज्याला घाटात इंजिनावर गाडी कशी उतरवतात ते माहीत नसेल. "मला म्हणली असतीस," ते म्हणाले. "मी शिकवलं नसतं का?" सुकेशनीनं त्यांच्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, तेच जास्त अवघड होतं. "म्हणले होते. ब्याण्णव साली. नऊ गावं पायी फिरायची माझ्यावर, म्हणून तुमाला म्हणले, गाडी शिकवा. तुमी म्हणलाव, ते बायामाणसाचं काम न्हाई."

बाहेर भुजंगची होडी पाण्यावर हलत होती. धम्मानंदांना ते बोललेलं आठवत नव्हतं. पण बोलले असणार, यात त्यांना संशय नव्हता, कारण ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. हे ह्यांचं काम न्हाई. दारात ठेवलेला पाय मागं घेऊन एक माणूस उतरला होता, आणि त्याचं ते वाक्य बत्तीस वर्षं ते प्रत्येक वळणावर खोटं पाडत आले होते, आणि तेच वाक्य त्यांनी घरी नेऊन, चहा पिता पिता, तिच्या हातात ठेवलं होतं. आणि तिनं काय केलं? भांडली नाही. पुढच्या वर्षी जुनी मोपेड घेतली, स्वतः पडून-झडून शिकली, आणि काळ्या चिखलाच्या शिवारातून नऊ गावांत पोलिओचे डोस पोचवले. एकही गाव सुटलं नाही म्हणून तालुक्यात तिचा सत्कार झाला होता. त्या दिवशी धम्मानंद ड्युटीवर होते. आल्यावर तिनं शाल दाखवली, त्यांनी 'छान हाय' म्हटलं आणि जेवायला बसले. किती वर्षं ते स्वतःच्या बिल्ल्याकडं बघत होते! आणि बिल्ला घरात दोन माणसांच्या छातीवर होता, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. तेव्हा तर डोळे धडधाकट होते.

आता सिताराम कुठं बसला असता? हा प्रश्न त्यांना कुठून सुचला कुणास ठाऊक. पण उत्तर लगेच आलं. पहिल्या बाकावर, शेवटच्या गावाचं तिकीट काढून. त्यांची छाती भरून आली, आणि आश्चर्य म्हणजे त्यात दुःख थोडंच होतं. बत्तीस वर्षं एक अपघात नाही, आणि आजही, हातभर राहून का होईना, नाहीच. हा रेकॉर्ड इथं, याच खडकावर बंद करता येत होता. कुणी काढून घेत नव्हतं. ते स्वतः देत होते.

ते उठले. स्टेरिंगमागून उठायला त्यांना वेळ लागला. "बस," ते म्हणाले. मग, "बसा." ती बसली. सीट पुढं ओढली, पदर कमरेला खोचला, आणि हात लांब करून तो घासलेला डावा आरसा स्वतःच्या नजरेला जुळवून घेतला. त्यांनी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिनं काही सोडलं नव्हतं. ते खाली उतरले आणि गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. कातळ उताराचा, डाव्या अंगाला पाणी. इथून गाडी मागं घेणं भल्याभल्यांना जड गेलं असतं. त्यांनी मान वळवून वळवून दोन्ही चाकं बघितली आणि पत्र्यावर थाप मारली. "येऊ द्या." इंजिन एकदा गचकलं, बंद पडलं.  पुन्हा सुरू झालं. "येऊ द्या, येऊ द्या, डावं मारा, आणखी, येऊ द्या... बास!" गाडी इंचाइंचानं, हट्टानं, काठापासून मागं आली आणि सपाट वाटेवर सरळ उभी राहिली. भुजंग होडीतून ओरडला, "काय सायेब, आज मॅडम चालवायल्यात का?"

"ड्रायव्हर हायेत त्या!" धम्मानंद ओरडले, सगळ्या येलदरीला ऐकू जाईल असं. "आमी कंडक्टर!"

मग त्यांनी कंडक्टरची कामं केली. धोंडा गाडीत ठेवला. पलंगाखालून चादरीत गुंडाळलेली पाटी काढली, पुढची उतरवली आणि ही लावली. परभणी – समुद्र. पाटी तिच्या समोरून गेली तेव्हा सुकेशनीनं काचेतून अक्षरं वाचली. "अवो, अजून तीन दिवस हायेत की इथले," ती म्हणाली. "तपासणी झाली," ते म्हणाले. "जिंतूरवरून देवगाव फाटा. तिथं चहा. मग जालन्याच्या अंगानं, रोज झेपंल तेवढंच. घाटात मी सांगतो तसं, इंजिनावर." दोरीवरचा उरलेला पलंगपोस काढून त्यांनी नीट घडी घातली. दार लावलं, ओढून बघितलं. डाव्या खिडकीशी बसले. पानापेटीतली बाटली काढून सरळ ओट्यावर, चहापत्तीच्या डब्याशेजारी ठेवली.

इंजिन सुरू होतं. गेर पडलेला. ती किलच दाबून, दोन्ही हातांनी स्टेरिंग धरून, समोर बघत बसली होती. तिची पांढरी वेणी पाठीवर सरळ, खांदे जरा वर चढलेले. त्यांनी दोरी हातात घेतली आणि क्षणभर तशीच धरली, कारण समोरचं शाबूत होतं आणि समोर ती होती. एवढा वेळ तिला मागून बघण्याची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. उशीर झाला तरी ती वळली नाही. काय झालं म्हणून विचारलं नाही. मागं बघितलं नाही.

धम्मानंदांनी दोरी ओढली. दोनदा.